चांगुणाबाई हॉस्पिटलवर प्रशासक

मी हॉस्पिटल अ‍ॅडमिनिस्ट्रेशनमध्ये मास्टर डिग्री घेतली आहे. हे वाक्य लातुरात ज्याला ज्याला ऐकवलं, त्यानं उलट एकच प्रश्न विचारला, "म्हणजे सुई टोचता येती का?" नाही येत. सुई टोचायला शिकवतात तो कोर्स वेगळा. तो स्वस्त असतो आणि त्यानंतर नोकरी लागते. आमचा कोर्स पुण्याचा होता. तिथं काचेच्या इमारतीत, एसी लावून, दवाखाना कसा चालवावा हे आम्हाला अशा सरांनी शिकवलं, ज्यांनी दवाखाना फक्त स्वतःच्या मूळव्याधीसाठी आतून पाहिला होता. कॉलेजच्या माहितीपत्रकात पहिल्या पगाराचा आकडा छापला होता. तो वाचून माझे अब्बा, मुदखेडचे ताहेर टेलर, शिलाई मशीनवरून उठले आणि थेट बँकेत गेले. तो आकडा ज्यानं छापला त्याला मी अजून शोधून राहिले.

कर्ज पाच लाख. चार लाखांच्या वर गेलं की बँक म्हणते, जामीन आणा. टेलरला जामीन कोण राहणार? अण्णाराव गुरुजी राहिले. ते शिरूर अनंतपाळचे, पण सगळी नोकरी मुदखेडला. शाळेचे गणवेश ते अब्बांकडून शिवून घ्यायचे. "पोरगी शिकायली तर सही करायला माझं काय जातंय," असं म्हणून त्यांनी सही केली. काय जातंय ते नंतर कळलं. रिटायर होऊन ते गावाकडं परतले, त्यांची पेन्शन बँकेच्या लातूर शाखेत यायला लागली. मला नोकरी लातुरात लागली, म्हणून माझं कर्जखातंही त्याच शाखेत आलं. कर्ज बुडवणारी आणि तिचा जामीनदार, दोघं एकाच छपराखाली. बँकेचं काम इतकं सोपं कुणी करून देऊ नये.

नोकरीसाठी आधी नांदेडला फिरले. तिथं दोन ठिकाणी विचारलं, टायपिंग येतं का. लातूरच्या चांगुणाबाई हॉस्पिटलात हे विचारलं नाही, कारण तिथं कॉम्प्युटर नव्हता. डॉक्टर हरिओम कोळनूरे यांनी आईच्या नावानं काढलेला हा दवाखाना. खाटा भूकंपाच्या वेळी कुठल्याशा परदेशी मंडळींनी देऊन टाकलेल्या. त्यांच्यावर काय लिहिलंय हे आजवर कुणाला वाचता आलेलं नाही, पण चाकं अजून फिरतात. वरचा मजला फिजिक्सच्या क्लासला भाड्यानं दिलेला. खाली डॉक्टर पेशंटला "पूर्ण विश्रांती घ्या" म्हणून सांगायचे आणि त्याच वेळी वर शंभर पोरं बाकडी ओढायची. निम्मे पेशंटही वरचेच. मेसचं जेवण खायचं, कावीळ घ्यायची आणि जिना उतरून ॲडमिट व्हायचं. असा धंदा लातूरलाच जमतो.

पगार आठ हजार. हप्ता त्याहून मोठा. हे गणित सोडवायला मास्टर डिग्री लागत नाही, ती नसती तर गणितही नसतं. हप्ते थकले. मग एक दिवस गुरुजींचा फोन आला.

"अफसाना, पेन्शन काढायला गेल्तो. बँकवाला म्हणतोय, पैसे हायेत पण देता येत न्हाईत. होल्ड लागलाय म्हणं. हे असं कसं असतंय गं? तू शिकलेली हायस, तूच सांग."

आवाजात राग नव्हता. त्यांना खरोखरच समजून घ्यायचं होतं. शिव्या दिल्या असत्या तर मी ऐकून घेतल्या असत्या. पण साठी उलटलेला माणूस, शुगरच्या गोळ्या उधारीवर आणणारा, माझ्याकडून बँकिंग शिकू बघतो, हे मला सहन झालं नाही. त्या दिवशी ठरवलं, काहीही होवो, गुरुजींची पेन्शन सोडवायचीच.

बँकेच्या मॅनेजरनं वाट दाखवली. "दवाखान्याचं पत्र आणा. तुमचं पद काय, पगार किती. नोकरी पक्की दिसली तर हप्ते नव्यानं पाडून देतो, आणि होल्ड काढतो."

मी डॉक्टरांकडे गेले. आमचे डॉक्टर नाही कधी म्हणत नाहीत, दिवाळीनंतर म्हणतात. "पगाराचं दिवाळीनंतर बघू मॅडम. पदाचं म्हणाल तर देऊन टाकलं. पण आधी लोकांना दिसू तर द्या. दारावर पाटी लावा, मग पत्र देतो. पाटीचा खर्च तेवढा तुमचा." एवढं बोलून ते मेव्हण्याच्या लग्नाला हैदराबादला गेले.

पाटी रंगवायला गुंडप्पा पेंटर आला. निलंग्याकडचा. भूकंपानंतर पुनर्वसनाच्या घरांवर नंबर टाकून टाकून त्याचा हात बसलेला. मी कागदावर लिहून दिलं, 'मुख्य रुग्णालय व्यवस्थापन अधिकारी'. त्यानं बोटानं अक्षरं मोजली.

"म्याडम, अक्षरावर रेट असतोय. काना-मात्रा फुकट. जोडाक्षराला दीडपट."

"जोडाक्षराला का?"

"दोन अक्षरं असत्यात की एकाच्या जागंत. दाटीवाटीचं काम." मग माझ्या चेहऱ्याकडं बघून त्याला कीव आली असावी. "असं करा, 'प्रशासक' लिवा. चार अक्षरात खेळ खलास. अर्थ त्योच की. आणि ह्या पाटीला हात बसलाय माझा. पतसंस्थेत लिवली, सूतगिरणीत लिवली, बाजार समितीत दोनदा लिवली. लई मागणी हाय."

अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणजे प्रशासक. शब्दकोशातही तेच आहे. एवढ्या मोठमोठ्या संस्थांत जे पद आहे ते आपल्याला चार अक्षरांत मिळतंय, याचा मला अभिमानच वाटला. हो म्हणून टाकलं. पांढऱ्या पत्र्यावर लाल अक्षरं, खाली माझं नाव. गुंडप्पानं सवयीनं कोपऱ्यात एक बाण काढला आणि त्याचे पैसे घेतले नाहीत.

इथं पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी थोडं थांबते. आमच्याकडं एखादी बँक बुडाली, कारखाना बसला, संचालकांनी तिजोरी झाडून नेली की सरकार संचालक मंडळ घरी पाठवतं आणि एक साहेब खुर्चीत बसवतं. त्याला म्हणतात प्रशासक. प्रशासक बसला म्हणजे संस्था गेली. आमच्या चांदबी खालाचे, म्हणजे मावशीचे, कापूस विकून ठेवलेले पैसे एका पतसंस्थेत होते. तिथं प्रशासक बसला त्या दिवशी खाला चूल न पेटवता दारात बसून राहिली होती. हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण पुण्याला दोन वर्षं इंग्रजीत शिकल्यावर माणसाचं डोकं आपल्याच भाषेतला अर्थ विसरतं. फी त्याचीच घेतात बहुतेक.

सकाळी पाटी लागली. पहिली बातमी दूधवाल्यानं नेली. चहाच्या वेळेला सिंधु सिस्टर, आमच्या वॉर्डाची हेड नर्स, माझ्या टेबलासमोर हात जोडून उभी.

"म्याडम, आमचे दोन म्हैन्याचे पगार राहिलेत. पयला अर्ज आमचा घ्या. नायतर बँकवाले आधी उचलून नेतील."

"कसला अर्ज? सिस्टर, मी अफसाना. रोज तुमच्याबरोबर डबा खाते."

"ते खरं हाय. पण आता तुम्ही प्रशासक हाव."

मी सांगितलं, तसं काही नाही, माझ्या पदाचं नाव आहे. ती म्हणाली, "असंच म्हणतेत सगळे पयल्या दिवशी." आणि अर्ज टेबलावर ठेवून गेली.

दुपारी खरा गोंधळ झाला. आमच्याकडं ॲडमिट होताना डिपॉझिट घेतात. डिपॉझिट हा शब्द आणि प्रशासक हा शब्द लातूरकरानं एकाच दिवशी ऐकला की तो पळत सुटतो, त्याला शिकवावं लागत नाही. काउंटरवर रांग लागली. पेशंटचे नातेवाईक, त्यांच्या मागं त्यांचे शेजारी, आणि एक पेशंट स्वतः, सलाईनची बाटली उंच धरून.

"आजोबा, तुमचं काल ऑपरेशन झालंय," मी म्हणाले.

"म्हणूनच आलोय. पैसे बुडल्याचं आयकलं की टाके तुटतेत माझे. मागल्या बारीला मी रांगेत उशिरा गेल्तो, पतसंस्थेला. आता न्हाई."

मी खुर्चीवर चढून भाषण केलं. मी सरकारी माणूस नाही, दवाखाना बुडालेला नाही, डॉक्टर हैदराबादला लग्नाला गेलेत. शेवटचं वाक्य बोलायला नको होतं. मागून कुणीतरी शांतपणे म्हणालं, "म्हणजे पळाला." डॉक्टरांना फोन लावला तर मागं बँडबाजा वाजत होता. ते "ऐकू येत नाही" म्हणाले आणि फोन कट झाला. हे सगळं रांगेनं ऐकलं.

ऑक्सिजनवाला सिलेंडर परत न्यायला आला. मी सिलेंडरवर बसले. अक्षरशः बसले, तो जाईपर्यंत. मॅनेजमेंटच्या पुस्तकात साधनसामग्रीचं संरक्षण असा एक धडा आहे, त्यात हे चित्र नव्हतं. वरचे फिजिक्सवाले सर मात्र टेप घेऊन खाली उतरले आणि जनरल वॉर्ड मोजायला लागले.

"काय करता सर?"

"बघून राहिलो, खाटा काढल्या तर बेंच किती बसतील. लिलाव कधी हाय?"

"लिलाव नाही."

"तुम्हाला सांगायला मनाई असंल. पण म्याडम, आमचा विचार करा. भाडं ॲडव्हान्स देऊ." आणि एका काविळीच्या पोराला, जो त्यांचाच विद्यार्थी होता, म्हणाले, "पाय आत घे रे, माप चुकतंय."

संध्याकाळी घरी आले तर खाला आधीच ऐकून बसलेली. मी तिच्याकडंच राहते. "नक्को गे बेटा," ती म्हणाली, "वो पाटी काढ. लोकांची बद्दुआ लागती. हमारे पतसंस्थेत जो साब बसला व्हता ना, उसकू शुगर झाली." मी म्हणाले, पाटी काढली तर पत्र मिळणार नाही आणि पत्र नाही तर गुरुजींची पेन्शन नाही. मग खाला म्हणाली, "तो फिर ऐसा कर, उसके नीचे हिरवा मिरची-लिंबू बांध." समोरच्या मेडिकलवाल्याचा सल्ला होता, की खाली 'तात्पुरता' असं लिहा. म्हणजे सरकारवर दबाव येईल. कुठल्या सरकारवर, हे त्यालाही सांगता आलं नाही.

पाटी मी काढली नाही. खरं सांगायचं तर आता हट्टालाही पेटले होते. दोन वर्षं शिकून, पाच लाख उडवून, हाताशी एक शब्द आला होता. लोकांना त्याचा अर्थ दुसरा माहीत आहे म्हणून तो मी सोडायचा? मग पैसे कशाला भरले?

तिसऱ्या दिवशी मागच्या गेटनं भीमाअप्पा आले. मोठे गुत्तेदार, सरकारी कामांची कंत्राटं घेणारे, बोटात अंगठ्या इतक्या की हात जोडले की खळ्ळ वाजतं. वर्षभरापूर्वी त्यांच्या बायकोचं पित्ताशय इथं काढलं होतं आणि बिल न देता "डॉक्टर आपला घरचाच माणूस हाय" म्हणून ते गेले होते. आता त्यांच्या हातात कॅरीबॅग होती.

"हे घ्या. सगळं हाय. पावती द्या, आन् तारीख गेल्या म्हैन्याची टाका."

"तारीख आजची पडेल, अप्पा. आणि मी आधीच सांगते, मी सरकारी प्रशासक नाही."

अप्पा डोळा बारीक करून हसले. "कळलं. कळलं. वसुलीला निघाल्यावर कोण सांगून निघतंय? मागं सूतगिरणीचा प्रशासक बी गरीबच दिसत व्हता. माझ्या दोन ट्रक्टरांवर जप्ती आणली त्यानं. टाका, आजची तारीख टाका."

ती बातमी गावात फिरली. मग लक्षात आलं, प्रशासक या शब्दाला दोन धारा असतात. ज्यांचे पैसे आत आहेत ते काढायला पळतात, आणि ज्यांनी आतले नेलेत ते भरायला पळतात. एरवी वर्षानुवर्षं 'घरचाच माणूस' असलेले लोक एकेक करून मागच्या गेटानं यायला लागले. प्रत्येकाला मी सांगितलं की मी सरकारी नाही. प्रत्येकानं मान डोलावली, पावती घेतली आणि घडी करून वरच्या खिशात ठेवली. त्याच पैशातून मी रांगेतल्यांची डिपॉझिटं परत केली, सिस्टरांचे पगार केले, ऑक्सिजनवाल्याला गप्प केलं. सलाईनवाल्या आजोबांनी पैसे मोजून घेतले, आणि तेच पुन्हा डिपॉझिट म्हणून भरले. म्हणाले, "बुडत न्हाई म्हणल्यावर राहू द्या. टाके काढायचेतच की."

डॉक्टर परतले तेव्हा हातातली मिठाई तशीच धरून त्यांनी पाटी वाचली, मग वसुलीचा हिशोब वाचला, मग पुन्हा पाटी. ओरडावं की पेढा द्यावा हे त्यांना ठरवता येईना.

"इतक्या वर्षांत मला जमलं नाही हे," ते शेवटी म्हणाले.

"मग पत्र, सर. आणि पगार."

"तसं नाही मॅडम. हे पैसे पाटीनं आणले. तुम्ही नाही आणले."

माझ्या आयुष्यात मी ऐकलेलं हे सगळ्यात निर्लज्ज वाक्य आहे, आणि मी माहितीपत्रक वाचलेली बाई आहे. पण उत्तर द्यायच्या आत फोन वाजला. बँकेचा, त्याच लातूर शाखेतून. डॉक्टरांच्या उलाढालीच्या खात्यातून पैसे काढणं बँकेनं थांबवलं होतं. गावात बातमी आहे, तुमच्या दवाखान्यावर प्रशासक बसलाय, खुलासा करा. सोबत प्रशासकांना घेऊन या.

आम्ही डॉक्टरांच्या गाडीत बसून गेलो. वाटेत त्यांनी मला पेढा दिला. मी तो रुमालात बांधून ठेवला, कारण कामाआधी गोड खाल्लं की माझी जीभ ढिली पडते.

मॅनेजरनं आम्हाला समोर बसवलं. "ह्या तर आमच्या कर्जदार. तुमच्याकडं कोण?"

"आमच्याकडे कामाला आहेत. प्रशासक."

"तेच तर विचारून राहिलो. नेमलं कुणी?"

"मी."

"मालकानं स्वतःच्याच संस्थेवर प्रशासक बसवला?"

"तसा नाही हो, पदाचं नाव आहे. मोठ्या हॉस्पिटलात असतंच. पुण्याहून खास शिकून आल्यात."

"सरकार पगार देतं का तुम्ही?"

"मीच देतो."

"किती?"

डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघितलं. आयुष्यात इतकं मनापासून कॅलेंडर मी कधी वाचलं नव्हतं.

"आठ..." डॉक्टर म्हणाले.

मॅनेजरनं पेन खाली ठेवला. "आठ हजार? पुण्याहून आणलेल्या बाईला? डॉक्टर, मग दवाखान्यात खरंच काही राहिलेलं दिसत न्हाई. खातं बंदच ठेवावं लागंल."

डॉक्टरांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. कोळनूरे घराण्याचा माणूस सगळं ऐकून घेईल, ऐपत काढलेली ऐकून घेणार नाही. "ऐका तरी पूर्ण. आठ हजार हा नुसता प्रवासभत्ता आहे. पगार वेगळा."

"पगार किती मग?"

"अठरा."

"अठरा आन् आठ, सव्वीस," मॅनेजर म्हणाला आणि लिहून टाकलं. "हे तुमच्या लेटरहेडवर द्या, सही-शिक्क्यासकट. पगार दर महिन्याला इथं ह्यांच्या खात्यावर जमा झाला पाहिजे. एक महिना चुकला की मी समजेन, गावात म्हणतेत ते खरं हाय."

डॉक्टरांनी सही केली. इतक्या हळू की प्रत्येक अक्षराचा गुंडप्पाच्या दरानं हिशोब चाललाय असं वाटलं. मी तोंड उघडलं ते फक्त "शाखा कोणती लिहायची?" एवढं विचारायला.

मग मॅनेजर माझ्याकडं वळला. "आता तुमचं. सव्वीस पगार आहे म्हणल्यावर हप्ता मोठाच पाडतो. मागचं थकलेलं पण त्यातच घालतो. लवकर सुटाल." त्यानं कॅल्क्युलेटर दाबला आणि आकडा माझ्याकडं फिरवला. मी वजाबाकी केली. खालाला द्यायचे, अब्बांना पाठवायचे, येण्याजाण्याचे काढले, तर हातात तेवढेच राहत होते जेवढे आधी राहायचे. सहा वर्षं. माझा पगार तिपटीनं वाढला आणि माझ्यापर्यंत पोचलाच नाही, रस्त्यातच बँकेनं उतरवून घेतला.

"होल्ड?" मी विचारलं.

"कशावरला?"

"अण्णाराव गुरुजींच्या पेन्शनवरचा."

"तो निघतो आता." त्यानं शिपायाकडं कागद दिला. मी उठले नाही. शिपाई जाऊन परत येईपर्यंत, काउंटरवरच्या बाईनं निघाला म्हणून मान हलवेपर्यंत बसून राहिले. डॉक्टर बाहेर गाडीचा हॉर्न वाजवत होते. वाजवू दिला.

दुसऱ्या दिवशी गुरुजी सकाळच्या एसटीनं आले. सोबत नात, शिवांगी, बारावी झालेली. पैसे हातात आल्यावर त्यांनी दोनदा मोजले, आणि तिथंच बँकेच्या बाकावर टेकले.

"अफसाना, एक काम हाय बघ. ही पण शिकायची म्हणतीया. बी.एस्सी. नको म्हणती, पुण्याला कुठल्या तरी मोठ्या कॉलेजात. कर्ज काढावं लागंल. माझं वय झालं, बँक मला आता जामीन धरीना. मॅनेजर म्हणला, सव्वीस हजार पगाराचं माणूस चालंल." त्यांनी चष्मा काढून पुसला. "ऱ्हाशील का जामीन?"

शिवांगी माझ्याकडं बघत होती, पोरी सिनेमातल्या नटीकडं बघतात तशी. माझा पगार आयुष्यात पहिल्यांदा कुणाच्या तरी उपयोगाचा ठरत होता, आणि तोही कागदावरचा.

"राहते," मी म्हणाले. "पण आधी आपण तिघं त्या कॉलेजात जायचं. तिथून पास झालेल्या पोरांना खराखुरा पगार किती मिळतो, ते नावासकट लिहून घ्यायचं. मग सही."

"असं ते सांगतेत का कुणाला?"

"नाही सांगितलं तर आपण तिथंच बसून राहू."

गुरुजींनी पेन्शनमधल्या काही नोटा वेगळ्या काढून नातीच्या हातात दिल्या. "जा, तीन तिकिटांची चौकशी करून ये," ते म्हणाले, आणि माझ्याकडं वळून, शंका विचारणाऱ्या पोरासारखं, "पुण्याला एसटी बरी का रेल्वे?"